दोन रिंगा

“सोमवारी आणलं असतं तर बरंचसं वाचवता आलं असतं,” डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. “चार दिवसांत पडदा पार सुटलाय. ऑपरेशन करू, पण या डोळ्याने पूर्वीसारखं दिसेल, असं नाही सांगत. आणि दुसरा तर आधीपासूनच अधू.”

बाबांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांचे कान केव्हाच संपावर गेले होते. ते आपले आवाजाच्या रोखाने बघून मान डोलावत राहिले. लेकीने कागद घेतला आणि त्यांना धरून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं.

“सोमवारपासून दिसत नव्हतं?” तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“कोपऱ्यात काळं आलं होतं. म्हणून तर दोन दिल्या.”

“काय दोन?”

“रिंगा.”

बापलेकीची ही सहा वर्षांची भाषा. फोनवर बोललेलं बाबांना समजत नसे, पलीकडचा कितीही ओरडला तरी. कानाला घट्ट दाबला तर रिंग तेवढी ऐकू येई. म्हणून ठरलेलं होतं की रोज सकाळी दहाला बाबांनी फोन लावायचा. एक रिंग देऊन कापला, म्हणजे मी ठीक आहे. दोन देऊन कापला, म्हणजे ये. तिने उचलायचा नाही. इतक्या वर्षांत दोन रिंगा दोनदाच आल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती हातातलं काम टाकून धावली होती.

“मला रोज एकच आली, बाबा.”

“दोनच दिल्या. सोम, मंगळ, बुध, गुरू. बोटांवर मोजून. शेजारच्या वहिनी मंगळवारी म्हणाल्या, चला, मी नेते दवाखान्यात. मी म्हटलं, लेकीला दोन दिल्यात, ती येईलच.”

“आणि आज?”

“आज म्हटलं, कामात असेल, कशाला तिच्यामागे टुमणं लावायचं. एकच दिली.”

आज तिला एकही आली नव्हती. म्हणून तर काळजीने गाडी वळवून ती घरी गेली होती, आणि बाबा भिंत चाचपत दार उघडायला आले होते.

तिने आपला फोन मांडीवर ठेवला. “आता मला लावा. दोन द्या.”

बाबांच्या हातातला नवाकोरा फोन तिनेच रविवारी आणून दिला होता. महिनाअखेर जुनं नेटवर्क बंद झालं की त्यांचा बटणांचा फोन कागदावर वजन ठेवण्यापुरताच उरणार, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तिचं कामच ते. कंपनीच्या गाडीत चार फोन मांडून ती दिवसभर रस्तोरस्ती नेटवर्क तपासत हिंडायची. रेंज किती मिळते, आणि बटण दाबल्यापासून पलीकडचा फोन वाजेपर्यंत किती सेकंद जातात. बाबांच्या फोनवर तिने स्वतःचा पडदाभर फोटो लावून दिला होता, बोट कुठेही पडलं तरी तिलाच लागेल असा. स्वतःचा जुना फोन बदलायचं मात्र महिनाअखेरीवर ढकललं होतं.

बाबांनी फोटोवर बोट ठेवलं, फोन कानाला दाबला आणि मोठ्याने मोजलं. “एक.”

तिचा फोन गप्प.

“दोन.”

तिचा फोन वाजला. एकदाच. बाबांनी कापला.

तिला समजायला क्षणही लागला नाही, आणि तेच तिला लागलं. बाबांचा फोन नव्या नेटवर्कवरचा. तिचा जुना फोन आलेला कॉल घ्यायला आधी जुन्या नेटवर्कवर उतरायचा आणि मग वाजायचा. तोवर लावणाऱ्याच्या कानात नेटवर्कच रिंग वाजवत बसतं, त्याला वाटावं की पलीकडे वाजतंय. चार-पाच सेकंदांचा सगळा खेळ. असे सेकंद ती रोज तक्त्यात भरायची आणि त्यांच्यापुढे हिरवी खूण करायची, चालण्याजोगं म्हणून.

“बघ,” बाबा म्हणाले. “दोन दिल्या ना?”

“दिल्या, बाबा. माझ्याच फोनला उशीर झाला.”

“आं?”

“माझा फोन जुना आहे,” ती मोठ्याने म्हणाली. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. “तुमच्या फोनशी त्याचं जमत नाही.”

बाबांनी थोडा विचार केला. “मग हा तू ठेवायचास. माझं काय, मला जुना चालला असता.”

इतक्या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं, पण आवरलं नाही. बाबांना ते दिसलं नाही. तिचा हात मात्र त्यांच्या हातात होता, त्यामुळे कळलं असावं.

त्यांनी तो हात सोडला. पुन्हा फोटोवर बोट ठेवलं, फोन कानाला दाबला, एक रिंग ऐकली आणि कापला. मग ती बसली होती तिकडे अंदाजाने तोंड वळवलं.

“पोचली?”

तिच्या मांडीवरचा फोन वाजला नव्हता.

“पोचली,” ती म्हणाली.