पंधरा नंबरचा आरसा

रस्त्याच्या बरोब्बर मधोमध दोघं समोरासमोर आले. आईच्या कवेत सलूनकाकांचा आरसा, आणि सलूनकाकांच्या खांद्यावर आईचं शिलाई मशीन! मागून आईची लेक पिपाणी सलूनची खुर्ची ओढत येत होती. ती होती तिथेच थांबली.

"भाऊ, माझं मशीन कुठं निघालं?" आईनं विचारलं.

"माझ्या दुकानात. कोपरा रिकामा करून ठेवलाय तुमच्यासाठी. पण ताई, माझा आरसा?"

"माझ्या दुकानात. आजपासून तुम्ही तिथेच दाढ्या करायच्या. अजिबात लाजायचं नाही."

"मी कशाला लाजू? दुकान तर तुमचं पडतंय!"

"अहो, तुमचं!"

कुणीच सामान खाली ठेवेना. आठ दिवस हे असंच चाललं होतं. आई काकांकडे बघून सुस्कारा सोडायची, काका आईकडे बघून. "धीर धरा," काका म्हणायचे. "तुम्हीच धरा," आई म्हणायची. नक्की कशासाठी धरायचा, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळा!

"नोटीस दाखवा बघू दोघांची," पिपाणी म्हणाली. ती या टोकाला बोलली की गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून तिचं हे नाव. काकांनी मशीन खुर्चीत ठेवलं आणि खिशातून घडी काढली. आईनं आरसा एका हातानं सावरत ब्लाउजमध्ये खोचलेला कागद दिला.

परवान्यावर ज्याची जी भाषा, त्याच भाषेतली नोटीस त्याला, असा नगरपालिकेचा नियम होता. बोलताना आई आणि काका एकमेकांच्या भाषेत भांडूसुद्धा शकायचे. वाचता मात्र ज्याला त्याला आपलीच यायची. दोन्ही वाचणारी गल्लीत एकटी पिपाणी, आणि तिनं आजवर वाचली होती फक्त आईची.

दोन्हींवर शिक्का तोच, सही तीच, तारीखही तीच. रस्ता रुंद करायचा आहे, आज सकाळी अकरा वाजता एका रांगेतली दुकानं पाडली जातील. आईच्या कागदात लिहिलं होतं, विषम क्रमांकाची. काकांच्या कागदात, सम क्रमांकाची.

आईचं दुकान चौदा नंबर. काकांचं पंधरा.

पिपाणीनं पुन्हा वाचलं. मग कागदांची अदलाबदल करून वाचलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता. अकराला दहा मिनिटं कमी होती. नोटिशीच्या तळाशी मदतीचा नंबर होता. तिनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. आपल्या भाषेसाठी एक दाबा. तिनं एक दाबला आणि कुठली रांग ते विचारलं.

"विषम," एक बाई गोड आवाजात म्हणाल्या.

तिनं पुन्हा लावला आणि दोन दाबला.

"सम," दुसऱ्या बाई म्हणाल्या, तितक्याच गोड आवाजात.

"अहो मॅडम, पण दोन्ही कसं खरं असेल?"

"मध्ये रांग बदलली ना. एका भाषेत दुरुस्ती झाली, दुसऱ्या भाषेत व्हायची राहिलीय."

"कुठल्या भाषेत झाली?"

"ते अनुवादाचं टेबल सांगेल."

"मग त्यांना द्या ना!"

"टेबल रिकामं आहे. मूळ कागद साहेबांकडे असतो. मी साहेबांना निरोप देते, ते कळवतील हं."

फोन ठेवेपर्यंत कोपऱ्यावरून बुलडोझर वळला. खुर्ची आडवी आल्यामुळे तो थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. आठवडाभराची दाढी, डोळे लाल.

"ए पोरी, कुठली रांग?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला वाचता येत असतं तर हे चालवलं असतं का? साहेब म्हणाले, दुकानदारांकडे कागद आहेत, वाचून घे."

पिपाणीच्या एका हातात एक कागद होता, दुसऱ्या हातात दुसरा. एकच वाचायचा. बस, एकच. कुणाला कळणार होतं? तिनं आईकडे पाहिलं. आई आरशातली धूळ पदरानं पुसत होती. काकांकडे पाहिलं. ते मशीनच्या चाकात अडकलेला दोरा नखानं सोडवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच पिपाणीचा आवाज फुटेना.

"वाच की गं," आई वर न बघताच म्हणाली. "दोन्ही वाच."

तिनं वाचले. आधी एक, मग दुसरा, शिक्क्यापासून सहीपर्यंत, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असे.

ड्रायव्हर बराच वेळ मान खाजवत बसला. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि खुर्चीतलं मशीन उचलून अलगद पिपाणीच्या पुढ्यात ठेवलं. स्वतः खुर्चीत बसला.

"साहेब कळवेपर्यंत दाढी होईल का?"

सलूनकाका धावत जाऊन वाटी आणि वस्तरा घेऊन आले. आई समोर आरसा धरून उभी राहिली. आरशात ड्रायव्हरचं फेसाळलेलं तोंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही रांगा दिसत होत्या. काकांनी वस्तरा गळ्याला लावला, आणि ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजायला लागला.

त्याचा हात खिशाकडे निघाला.

"हलू नका हं," सलूनकाका म्हणाले. "कापेल."