काढून ठेवलेला काटा

"मोटार भाईर असताना तिचा पेट्रोलचा काटा घरात ठेवू नका, वैनी," शेषेराव मिस्त्री म्हणाला.

"का, पेट्रोल मागंल का?" पंचशीला हसली होती.

जुन्या मोटारीचा काटा अडकायचा, म्हणून मिस्त्रीने तो डबीसकट काढला होता. नवरा व्यंकटी टाकीत काडी बुडवून, ती अर्धी ओली बघून, पाण्याची पिंपं भरायला औशाला गेला. लातूर जिल्हा झाला होता, नळ मात्र कोरडेच होते.

घरात पाळण्याजवळ ठेवलेल्या त्या डबीला एकही वायर नव्हती. तरी काटा अर्ध्यावरून हळूहळू उतरला आणि शून्याला टेकला.

मग डबीच्या काचेवर आतून, कुणी श्वास सोडावा तशी वाफ धरली. विरली, पुन्हा धरली. दर खेपेला थोडी कमी.

औशाच्या रस्त्याने येत असाल, तर पंचशीलाचं एवढंच मागणं आहे: कडेला मोटार दिसली तर आत बघा, व्यंकटीला हाक मारा.