लाल फुली

"आपल्या गल्लीचं काय झालं?" दुसऱ्या नावेतून आलेल्या बाबासोला मालनताईंनी विचारलं. पहाटेपासून त्या पुराच्या पाण्यातून पलीकडच्या वस्तीतली माणसं बाहेर काढत होत्या.

"सगळी घरं बघून झाली, ताई. कुलूप दिसलं की दारावर लाल फुली मारून पुढं. तुम्हीच शिकवलंय की."

शिकवलं होतं खरं. गल्लीच्या बचाव पथकाच्या प्रत्येक सरावात त्या बजावायच्या, कुलूपबंद घरापाशी वेळ घालवायचा नाही, आत कुणी नसतं.

"आणि आमचे आप्पा? कुणाच्या नावेत बसवले?"

बाबासो गोंधळला. "तुमच्याही दाराला कुलूप होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही त्यांना आधीच हलवलंत."

मालनताईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. वर्षभरात सासरे तीनदा घरातून निघून वाट चुकले होते. म्हणून "आप्पा, कुठं जायचं नाही हं," असं सांगून त्या रोज बाहेरून कुलूप लावायच्या. आज पथकाचा फोन आला तेव्हाही सवयीनं लावलंच होतं.

"नाव फिरव!" त्या किंचाळल्या.

गल्लीत पाणी छातीला लागलं होतं. कुलूप पाण्याखाली गेलं होतं, फुली तेवढी वर दिसत होती. मालनताईंनी चाचपून किल्ली घातली. ती फिरेना. त्यांनी दारावर मुठी आपटल्या. "आप्पा! आप्पा!"

आतून थकलेला आवाज आला, "ओरडू नको गं पोरी. आज मी कुठंच गेलो नाही."