मूळ माप

"ह्या बाईशी ज्याचं रक्त जुळंल, त्यानं माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई!"

लिंगायत वाणी असलेल्या रुद्रप्पानं दुकानाच्या ओट्यावर उभं राहून अर्ध्या घाटनांदूरला ऐकू जाईल असं सांगितलं. ही बाई म्हणजे अंजना, धुळाजी धनगराची बायको. ती खाली उन्हात उभी होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. तिचं काही चुकलंही नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी विद्यापीठातल्या उज्ज्वला मॅडम गावात आल्या होत्या. लोकांच्या गालात कापसाची काडी फिरवायची, डबीत घालायची आणि त्यावरून आईची आई, तिची आई, असा मागचा मागचा धागा शोधायचा, हे त्यांचं काम. नेमकं त्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत कुणी म्हातारी बोलून गेली, की रुद्रप्पाच्या सुनेची आजी, आईची आई, म्हणे धनगराच्या पालावरची. झालं! रुद्रप्पानं घरी येऊन सुनेला विचारलं, "तुझी आजी कुठली?"

"मला न्हाई माहीत, मामा. आई मी लहान असतानाच गेली," ईश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन महिन्यांच्या लेकीसकट तिची रवानगी गेवराईला बापाकडे झाली. बाप सिद्धाराम शपथा घेऊन थकला. नवरा श्रीशैलनं तिची बॅग स्टँडपर्यंत उचलली, आणि तेवढ्यावरच त्याची मर्दुमकी संपली.

रुद्रप्पाचं शिक्षण सातवी, पण दुकानात आता कोल्ड्रिंकचा फ्रिज आला होता, एस.टी.डी.चा बूथ आला होता, त्यामुळे विज्ञानही आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. मॅडमनी शंभरदा सांगितलं, की यातून जात कळत नाही. ऐकतो कोण? वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येतो, आपल्याजवळच्या मूळ मापाशी दुकानातली वजनं ताडून बघतो आणि शिक्का मारतो. रुद्रप्पाला सगळं जग तसंच दिसायचं.

"सुनेचं घ्या, धनगरणीचं घ्या आन् माझं घ्या," तो मॅडमला म्हणाला. "तिचं कुणाशी जुळतंय ते बघा. मूळ माप मी!"

सात पिढ्यांतले पुरुष त्याला तोंडपाठ होते. आईच्या आईचं नाव? ते कशाला लागतंय, असं तो म्हणायचा.

त्याची म्हातारी आई, शिवकांता, तेवढी आडवी आली होती. "रुद्रा, तू नको देऊ."

"तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हातारी गप बसली. तशी ती जन्मभर गपच होती. दर पंचमीला तेवढं अंजनाला बोलावून खणाचं कापड द्यायची, आणि रुद्रप्पा दरवर्षी म्हणायचा, "ही कोण लागून गेली तुझी?"

आज निकाल होता. ईश्वरी लेकीला कडेवर घेऊन बापाच्या मागं उभी होती. निकाल विरुद्ध गेला तर सोडचिठ्ठीचा कागद श्रीशैलच्या खिशात तयार होता. मॅडमनी लिफाफा फोडला.

"ईश्वरीचा धागा वेगळाच आहे. अंजनाबाईंशी दूरचाही संबंध लागत नाही."

सिद्धारामनं डोळ्यांना उपरणं लावलं. रुद्रप्पानं मान अशी डोलावली, जसं काही हे त्यानंच सिद्ध केलं.

"आणि अंजनाबाईंचा धागा फार दुर्मीळ आहे. जिल्ह्यातल्या तीनशे नमुन्यांत फक्त दोघांचा तसा निघाला. अगदी तंतोतंत." मॅडमनी कागदावरून नजर वर केली. "दुसरे तुम्ही, रुद्रप्पा."

"डब्या बदलल्या!" रुद्रप्पा ओरडला. "काहीतरी घोळ हाय!"

"मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी दोनदा तपासलं."

"मशीनच खोटं हाय मग!"

"मशीन खरं हाय," आतून आवाज आला. शिवकांता काठी टेकत उंबऱ्याशी आली होती. "अंजनाच्या आईची आई माझी सख्खी थोरली बहीण. पाली गावाजवळ आमचा कळप बसला व्हता. माय पटकीनं गेली, मी चार वर्सांची. ज्याला तू आजोबा म्हणायचास, त्याला लेकरू नव्हतं. त्यानं मला उचलून घरी आणलं. स्वामींनी माझ्या गळ्यात लिंग बांधलं आन् म्हणले, आता हिची मागली जात सरली. माझ्या बापाला पटलं. तुझ्या बापाला बी पटलं. साठ वर्सं झाली, तुलाच पटंना व्हय रे?"

रुद्रप्पाचा हात आपोआप सदऱ्याआड, गळ्यातल्या लिंगाकडं गेला. समोरच्या हॉटेलातले चहावाले, पानवाले सगळे बघत होते. बघणारच! त्यानंच तर ओरडून त्यांना गोळा केलं होतं.

म्हातारी पायऱ्या उतरली. अंजनाचा हात धरला आणि तिला उन्हातून उचलून आणल्यासारखं आत घेऊन गेली. श्रीशैलनं खिशातला कागद काढला, चुरगाळला, आणि कुठं टाकावा ते न कळून परत खिशात घातला. ईश्वरीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीला सावरत तिनं उंबरा ओलांडला.

आता ओट्यावर रुद्रप्पा एकटा उरला. त्यानं आत जायला पाय उचलला. मघाशी आपणच काय बोललो ते त्याला आठवलं, आणि पाय तिथंच थबकला. सासऱ्याचं ते थबकणं ईश्वरीनं आतून बघितलं.

"या मामा, आत या," ती म्हणाली. "तुमची आजी कुठली, ते मी न्हाई विचारत."