माल जहाजावर चढेपर्यंत

"बेदाणा भिजून सडला, ताई," मॉरिशसचे म्हातारे दुकानदार रामोजीकाका फोनवर म्हणाले.

तासगावच्या निर्यातदार हेमलता शिंगटेंनी करार उघडला. "काका, सौदा एफओबी आहे. माल जहाजावर चढला, की पुढची जोखीम तुमची."

"खरंय. विमा मीच उतरवायला हवा होता. उगाच त्रास दिला, माफ करा."

ती माफी ऐकून हेमलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंटेनरच्या छताला भोक असल्याचं हमालाने माल भरतानाच दाखवलं होतं. जहाज चुकेल म्हणून त्यांनीच "चालेल" म्हटलं होतं.

"फोन ठेवू नका, काका," त्या कशाबशा म्हणाल्या. "कंटेनर फुटका होता. मला ठाऊक होतं."



"आणि मी माझीच चूक समजून कालच मुलांना सांगितलं," काका हळूच म्हणाले, "दुकान आता तुम्हीच बघा, मला करारही वाचता येईना."