माईक लोकांकडे

माईक लोकांकडे वळवण्यात पराशरचा फायदाच होता. घसा वाचायचा, शिवाय लोकांना वाटायचं, गायक आपल्याला मान देतोय. बँडचं पहिलंच गाणं वीस वर्षांनीही लोकांच्या ओठांवरून उतरलं नव्हतं. त्याने आधी शेवटची ओळ लोकांना दिली, मग कडवं, मग अख्खं गाणं.

आज कोल्हापूरच्या मैदानावर त्याला मुलीसाठी केलेलं नवं गाणं गायचं होतं. ती पहिल्याच रांगेत बसली होती.

"आधी जुनं उरकून घे, नाहीतर पब्लिक खाईल आपल्याला," ड्रमवरचा सायमन म्हणाला.

"तुझी त्या जुन्याची हौस अजून फिटली नाही का रे?" म्हणत पराशरने नव्या गाण्यासाठी तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही.

सांभाळून घ्यायला सायमनने जुन्या गाण्याचा ठेका धरला आणि मैदान गाऊ लागलं. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज येत होता: पराशरचा, बाविशीतला. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला सर्दी झाली होती, तीसुद्धा त्यात होती.

सायमनचे हात थांबले. गाणं थांबलं नाही.

आवाज परत आला नाही; डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. बँडला बोलावणी येतातच. पराशर माईक धरून उभा राहतो, लोक गातात. लोकांना गाणं मिळालं, सायमनचंही बरं चाललंय. किंमत मोजली ती पोरीने. बाबांचा आवाज ऐकावासा वाटला की ती तेच जुनं गाणं म्हणते, आणि तो शेजारी बसून ऐकतो.