भुशाखालची माती

भैय्यालाल सेठ ओट्यावरून खाली न उतरताच म्हणाले, "गोमाजी, बुरशीनं झाडं खाल्ली. तो सगळा भुसा ओढून काढ अन् जाळून टाक."

गोमाजी गुलाबांच्या वाफ्याशी उकिडवा बसला होता. उन्हाळ्यात त्यानंच सेठच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून सागाचा भुसा आणि ढलप्या पोत्यांनी आणून झाडांच्या बुडाशी घातल्या होत्या. ओल धरून राहावी, तण येऊ नये म्हणून. श्रावणापर्यंत झाडं तरारली होती. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या भादव्यात पंधरा दिवस उघाड पडली. भुशावर पांढरी जाळी चढली, तपकिरी छत्र्या उगवल्या आणि गुलाबांची पानं पिवळी पडून गळायला लागली.

"रोज पानी देऊन राहिलो जी."

"देऊन राहिला, तरी मरूनच राहिले ना? उद्यापासून तो नवा गडी, गोपीचंद, पाहील बागेचं. हे दोन हातांचं काम हाय."

गोमाजीला उजवा हात मनगटापासून नव्हता. मागच्या वर्षी याच सेठच्या आरामशीनवर तो हात तुटला. दवाखान्यातून आल्यावर सेठनी त्याला घरच्या बागेवर ठेवलं. नाकाडोंगरी गावात लोक त्याला सेठचा मोठेपणा म्हणत.

"आजचा दिवस द्या जी," गोमाजी म्हणाला.

खुर्चीत बसून सेठनी पेपर उघडला. गोमाजीनं तोच होकार धरला.

त्यानं झारी भरून आणली आणि पहिल्या गुलाबाला पाणी घातलं. रोज तो घालायचा आणि पुढच्या झाडाकडं वळायचा. आज तिथंच बसून राहिला. पाणी भुशावर थबकलं, मग हळूच उताराला लागलं आणि नालीत गेलं. त्यानं खुरपी मारली तर भाकरीएवढा पापुद्रा अख्खा उचलून आला, खालून पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखा. खालच्या मातीत त्यानं बोट घातलं. माती पिठासारखी कोरडी होती.

सेठच्या पत्नी, ताराबाई, सुपात तांदूळ घेऊन पायरीवर बसल्या होत्या. "थे बुरशी झाडाले लागली का?"

"नाही जी. हे मेलेलं लाकूड खाते, जितं झाड नाही खात. पन हिनं भुसा धरून ठेवला, त्याचा थर बसला. पानी वरच्या वर वाहून जात होतं." गोमाजीनं पापुद्रा बाजूला ठेवला. "चूक माही हाय. घातल्यापासून एकदाही हलवला नाही मी."

तो दाताळं घेऊन आला. एका हातानं ओढलं की दाताळं कलंडायचं, थराला नुसतं खरवडायचं. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, एक टोक दातात धरलं आणि दांडा थोट्या हाताला बांधायला लागला. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

ताराबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या खाली उतरल्या. वर्षभरात त्यांनी त्या हाताकडं पाहिलं नव्हतं. गोमाजीशी बोलताना त्या झाडांकडं पाहत. आता त्यांनी दुपट्टा त्याच्या दातातून काढून घेतला आणि वेढे द्यायला लागल्या.

"दुखते का?"

"आवळा जी आनखी. तिथं नाही दुखत."

त्यांनी गाठ मारली. "कसं झालं होतं?"

ओट्यावर पेपराचं पान उलटायचं थांबलं.

"पट्टा घसरून राहिला होता चार दिवसांपासून," गोमाजी म्हणाला. "सांगितलं होतं. पन माल तुमसरले जायचा होता, मशीन बंद नाही केली. चालत्या मशीनवर हातानं बसवत होतो."

"कोनाले सांगितलं होतं?"

गोमाजीनं दाताळं रोवलं आणि अंगाचा भार टाकून ओढलं. थर कडकन फुटला. "ढलप्या इकडं सारा जी, बुडापासून वीतभर दूर. बुडाले टेकल्या तं साल सडते."

ताराबाईंनी एकदा ओट्याकडं पाहिलं. पदर खोचून त्या बसल्या आणि दोन्ही हातांनी ढलप्या सारायला लागल्या. गोमाजी थर फोडत गेला, त्या ढेकळं चुरून भुसा पातळ पसरत गेल्या. छत्र्या तोडून त्यांनी उकिरड्यावर टाकल्या. त्यानं प्रत्येक बुडाशी घमेलंभर शेणखत दिलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आठातली पाच झाडं झाली होती.

ताराबाईंनी झारी रिकामी केली. या वेळी पाणी थांबलं नाही. बुडबुडे आले आणि पाणी दिसेनासं झालं.

"बोट घालून पहा जी," गोमाजी म्हणाला.

त्यांनी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल होती.

"मी गोपीचंदले सांगून ठेवलं हाय," सेठ ओट्यावरून म्हणाले. आवाज मघासारखा ठाम नव्हता.

"त्याले मशीनवर धाडा," ताराबाई मातीचे हात न धुता म्हणाल्या. "पट्टा पाहायले सांगा आधी."

आणि त्या सहाव्या गुलाबाकडं सरकल्या.